कलालीपुढचं अंगण : कादंबरीच्या तयारीच्या नोंदी

४ डिसेंबर

कापूस वेचायला बाया मिळत नाहीत म्हणून घरात सगळे वैतागलेले आणि मी मात्र आज वही घेऊन बसली. तिसरं प्रकरण अडलंय ते दारूच्या दुकानात. काळ १९३० च्या आसपासचा, राळेगावकडचा एक कास्तकार कापसाची बंडी घेऊन वर्धा नदी ओलांडून हिंगणघाटच्या बाजारात चाललाय, रस्त्यात रात्र पडते आणि तो एका दुकानात शिरतो. "शिरतो" लिहिलं अन् तिथंच पेन थांबला. आत काय असंल? मी आपलं लिहून मोकळी झाली होती, टेबल, बाकडे, मालकाच्या मागं फळीवर बाटल्यांची रांग, कोपऱ्यात पेटी वाजवणारा म्हातारा. आज परत वाचलं तर मलेच हसू आलं, हे तर टीव्हीवरच्या जुन्या पिक्चरातलं दुकान उचलून मी आपल्या काळ्या मातीत आणून ठेवलं.

अडचण अशी की मी वर्धा जिल्ह्यात राहते. इथं १९७४ पासून दारूबंदी आहे, म्हणजे माझ्या वयाच्या माणसानं गावात लायसनचं दुकान पाहिलेलंच नाही. दारू पाहिली, ती तर रोज दिसते, दुकान नाही.

११ डिसेंबर

नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "जुन्या काळातल्या दारूच्या दुकानाबद्दल कोणाला काही माहिती असल्यास कळवावे." दहा मिनिटांत एका चुलत दिरानं पर्सनलवर एक मोबाईल नंबर पाठवला, वहिनी हा माणूस घरपोच आणून देते, भाव जास्त आहे पण माल ओरिजिनल. मी म्हटलं भाऊ मले १९३० ची पाहिजे. तर म्हणे एवढी जुनी महाग पडंल.

बचत गटात पण बातमी पोचली. परवा मीटिंगमध्ये दोघी जणी माझ्याकडं पाहून गप्प झाल्या. आमच्याच गटानं मागच्या उन्हाळ्यात नाल्यावरचे सडव्याचे, म्हणजे दारूसाठी सडवत ठेवलेल्या मालाचे, ड्रम फोडले होते, त्यात मी पुढं होती, आणि आता मीच विचारत फिरतेय की दारू कशी बनते.

१९ डिसेंबर

आज शब्दांवरच दिवस गेला, पण चांगला गेला. मी सगळीकडं "गुत्ता" लिहिलं होतं. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता, ठेका. मराठवाड्यात अजूनही रस्त्याचं काम घेणाऱ्याला गुत्तेदार म्हणतात आणि त्यात कोणाला दारूचा वास येत नाही. सरकार दारू विकण्याचा हक्क लिलावात काढायचं, जो जास्त बोली लावंल त्याला गुत्ता मिळायचा, मग लोकांच्या तोंडात तो कागदावरचा हक्कच दुकानाचं नाव होऊन बसला. म्हणजे या धंद्यात जागा नंतर आली, आधी आला लिलाव. हे मले लई आवडलं, कुठंतरी वापरायचं.

"पिठा" हा शब्द काढून टाकला, तो मुंबईकडचा वाटतो, आमच्या गाडीवानाच्या तोंडी बसत नाही. आमच्याकडं जुनी माणसं "कलाली" म्हणतात, नाही तर नुसतं "कलालाच्या इथं". कलार म्हणजे दारू गाळण्या-विकण्याचा परंपरागत धंदा असलेला समाज, पण त्यातले कितीतरी लोक पिढ्यान्‌पिढ्या शेती करतात, दुकानदारी करतात, त्यामुळं पात्र लिहिताना मापात राहायचं, दारू विकणारा म्हणजे खलनायक असलं सोपं काम करायचं नाही. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे चार खंड निघाले, त्यात कलारांवर वेगळं प्रकरण आहे. वाचलं. माहिती भरपूर, पण साहेबाचा चष्मा पण भरपूर, तो पुसून पुसून वाचावं लागते.

२८ डिसेंबर

मोठी चूक सापडली. माझ्या दुकानाच्या मागं भट्टी धडधडत होती. वाफ, मडके, जाळ, सगळं छान रंगवलं होतं, दीड पान. ते गेलं.

झालं असं की जुन्या पद्धतीत, ज्याला इंग्रज आउटस्टिल म्हणायचे, लायसनवाला दुकानाजवळच स्वतःची भट्टी लावून तिथंच गाळायचा आणि तिथंच विकायचा, सरकारला फक्त लिलावाच्या पैशाशी मतलब, किती गाळली कशी गाळली कोणी विचारत नव्हतं. मग सरकारच्या लक्षात आलं की असं केल्यानं दारू स्वस्त होते, लोक जास्त पितात आणि तिजोरीत कमी येते, तेव्हा एका ठिकाणी बंदिस्त आवारात गाळायची, दर गॅलनला तिच्या कडकपणाप्रमाणं कर घ्यायचा आणि मग पिंपातून दुकानोदुकानी पाठवायची असं सुरू झालं. १९०५-०६ ला इंडियन एक्साइज कमिटी बसली, त्यानंतर कंत्राटी डिस्टिलरीची पद्धत जोरात पसरली, आउटस्टिल राहिली ती दूरच्या जंगलपट्टीत. म्हणजे हिंगणघाटच्या वाटेवरच्या कलालाकडं १९३० ला भट्टी असेल तर ती चोरीची. तो बिचारा सरकारी माल विकणारा, त्याच्याकडं पिंप, मापं, लायसनचा कागद आणि डोक्यावर आबकारीचा दारोगा.

दारोगा मात्र कामाचा निघाला. त्याच्याजवळ हायड्रोमीटर असतो, दारूत सोडला की किती खोल बुडतो त्यावरून समजते कलालानं पाणी किती घातलं. दूधवाल्यासारखंच. दीड पान गेलं पण हा सीन फुकटात मिळाला.

९ जानेवारी

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, शेवटी तोंड उघडलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, माळकरी, आयुष्यात थेंब घेतलेला नाही, म्हणून मी इतके दिवस विचारायलाच घाबरत होती. संध्याकाळी शेकोटीपाशी बसले होते, मी म्हटलं मामाजी, तुमचे वडील हिंगणघाटले बंडी घेऊन जात होते नं, ते कधी कलालाच्या इथं थांबत होते का. मले वाटलं आता रागावतात. तर म्हणे, "थांबत होते म्हंजे? आमचा बुढा तं दोन्ही खेपेले थांबे. जाताना थंडी म्हून अन् येताना पैसे आले म्हून."

मग सांगत सुटले. मी मोबाईलवर रेकॉर्ड केलं पण मधात कुत्रं भुंकल्यानं अर्धं गेलं, जे आठवते ते असं. दुकानात आत कोणी जात नव्हतं. "आत कायचं जाता बाप्पा, आत त्याचं घर, त्याच्या बायकापोरं. आपुन बाहीर. खिडकीतून पैसे द्याचे, खिडकीतून माप घ्याचं, अन् लिंबाखाली जाऊन बसाचं." बाकडं वगैरे काही नाही. उकिडवं बसायचं, नाही तर बंडीच्या जुवावर टेकायचं. सोबत फुटाणे, कांदा, मीठ-मिरची, कोणाजवळ भाजलेला झिंगा असला तर तो राजा.

आणि भांडं? इथं मामाजी थोडे थांबले. मग म्हणाले, "भांडे येगयेगये. आपल्याले गडू. गावकुसाबाहीरच्याईले वरून ओतून, ओंजयीत नाही तं पानाच्या डोन्यात." लिंब एकच, सावली एकच, पण बसायची जागा ठरलेली, कोण पाराजवळ, कोण उकिरड्याच्या बाजूनं.

रात्री झोप नाही आली. वर्ध्यात जमनालाल बजाजांनी १९२८ ला लक्ष्मीनारायणाचं मंदिर सगळ्यांसाठी उघडलं, म्हणजे माझ्या गोष्टीच्या दोनतीन वर्षं आधी, आणि तिथून काही कोसांवर दारू अजून वरून ओतली जाते. पिऊन सगळे सारखे होतात असं लोक म्हणतात. माझ्या प्रकरणात पण एका ठिकाणी तसंच वाक्य होतं, कोणीतरी गाडीवान दुसऱ्याच्या गळ्यात हात टाकतो. खोडलं.

तर माझी खोलीच गेली हातातून. दारू प्यायची जागा म्हणून मी एवढे दिवस आतलं शोधत होती आणि सगळी गोष्ट बाहेर अंगणात बसली होती.

१८ जानेवारी

गाडीनं जाऊन आली. यांना म्हटलं कृषी केंद्रात बियाण्याचं पाहायचं आहे, ते पण केलं. रस्त्यावरच्या एका गावात जुनं घर आहे, लोक अजून "कलालाचा वाडा" म्हणतात, आता तिथं खताचं गोडाऊन आहे. गोडाऊनवाल्यानं पाहू दिलं, फक्त युरियाच्या वासानं डोळे भरून आले. समोर ओटा, ओट्याला लागून एक बुटकी खिडकी, गज लोखंडी, खालची फळी मधोमध घासून खोलगट झालेली. किती गडू ठेवले असतील तिथं. बाहेर लिंब नाही, तोडला म्हणे रस्ता रुंद करताना, बुंधा आहे. मी बुंध्यापासून खिडकीपर्यंत पावलं मोजली, बावीस. गोडाऊनवाला विचारते काय बाई प्लॉट घेता का.

बावीस पावलं बरोबर आहेत. खिडकीतलं बोलणं लिंबाखाली ऐकू येत नाही पण लिंबाखालचं भांडण खिडकीत ऐकू जाते. कलालाला उधारी कोणाला द्यायची ते तिथं बसूनच समजत असंल.

२ फेब्रुवारी

एका सरकारी रेकॉर्ड रूममध्ये दोनदा जाऊन आली, जुने आबकारीचे कागद पाहायचे म्हणून. पहिल्या वेळी साहेब नव्हते, दुसऱ्या वेळी साहेब होते तर चाबीवाला नव्हता. जाऊ द्या. जिल्हा गॅझेटियर ऑनलाइन सापडलं, त्यात आबकारीचा भाग असतो, त्यावर भागवलं.

आणखी एक गंमत कापली. माझ्या प्लॉटमध्ये गाडीवान कापसाच्या खाली वऱ्हाडातली स्वस्त दारू लपवून नदी पार करून आणतो असं होतं. वर्धा नदी म्हणजे वऱ्हाड आणि मध्य प्रांताची हद्द, मले वाटलं दोन राज्यं म्हणजे दोन भाव. पण वऱ्हाड १९०३ लाच मध्य प्रांताच्या कारभारात आलं, १९०२ ला निजामानं ते इंग्रजांना कायम पट्ट्यानं दिल्यानंतर, त्यामुळं १९३० ला त्या नदीवर सरहद्दीची चोरी दाखवणं म्हणजे जबरदस्ती. खरी सरहद्द खाली पैनगंगेवर, पलीकडं निजामाचं राज्य. तिथं गोष्ट नेऊ शकते पण मग हिंगणघाट जाते. नाही नेत.

मजा म्हणजे आज उलटं आहे. आज वर्धा नदीचा पूल ओलांडला की पलीकडच्या जिल्ह्यात बोर्ड लागलेले दिसतात आणि अलीकडं काहीच नाही, कागदोपत्री. तेव्हा जी हद्द पुसली गेली ती १९७४ ला परत आखली गेली म्हणायची. संध्याकाळी पुलावर कोणत्या बाजूनं गाड्या जास्त जातात ते पाहायला अभ्यासाची गरज नाही.

१६ फेब्रुवारी

तारखेचा घोळ सुटला आणि असा सुटला की मी स्वयंपाकघरात एकटीच ओरडली.

मले दुकानासमोर पिकेटिंग पाहिजे होतं, म्हणजे दारात उभं राहून गिऱ्हाइकाला अडवणं. १९२१ च्या असहकारात नागपुरात दारूच्या दुकानांवर झालं होतं, पण माझा काळ पुढचा. १९३० च्या एप्रिलमध्ये मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींनी बायांना लिहून सांगितलं की दारूची आणि विलायती कापडाची दुकानं हे तुमचं काम. त्याच जुलैमध्ये पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रह केला, म्हणजे हवा आपल्याकडं पण गरमच होती. पण सरकारनं पिकेटिंगवर वटहुकूम काढलेला, म्हणजे बाया आल्या की पोलीस आले, अटक झाली, सीन संपला. मले तर लांब सीन पाहिजे, ज्यात कोणी कोणाला हात लावू शकत नाही आणि नुसते पाहत बसतात.

मग गांधी-आयर्विन करार. ५ मार्च १९३१. त्यात शांततेनं पिकेटिंग करायला मुभा मिळाली. आणि जुनी पौर्णिमा काढून पाहिली तर त्या वर्षी होळी नेमकी मार्चच्या पहिल्या आठवड्यात, कराराच्या तोंडावर. म्हणजे शिमग्याची धुंदी उतरते न उतरते तोच दुकानासमोर टोप्या आणि लुगडी उभी, दारोगा कालपर्यंत धरत होता तो आज लिंबाखाली हात मागं बांधून उभा.

पण मार्चात कापसाची बंडी कशाला? तर मंदी. १९२९ नंतर भाव कोसळले, माझ्या गाडीवानानं भाव वाढंल म्हणून कापूस घरात दाबून ठेवला, वाढला नाही, सावकार दारात आला, तेव्हा निघाला. आपल्याकडं हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, माझ्या मागच्या खोलीत या वर्षीचा पण तसाच पडला आहे. आणि मार्चात नदीला पाणी कमी, बंडी वाळूतून निघते, तेही जमलं.

सेवाग्रामचा उल्लेख काढला. गांधीजी शेगावात १९३६ ला आले, गावाचं नाव सेवाग्राम त्याच्याही नंतर. मी १९३१ च्या गाडीवानाला "तिकडं सेवाग्रामले बापू हायेत" म्हणायला लावलं होतं, लाज वाटली. "पन्नास पैसे" पण काढले. सोळा आण्याचा रुपया, चार पैशाचा आणा, नवे पैसे १९५७ ला आले.

३ मार्च

शिंदीबद्दल थोडं. वापरणार नाही बहुतेक, पण सोडवत नाही. शिंदीच्या झाडाला रात्री मडकं बांधलं आणि पहाटे उतरवलं तर ती नीरा, गोड, लेकराला द्या. ऊन चढलं की तीच आंबते, दुपारी माणसाला डुलवते. १९३४ ला वर्ध्यात ग्रामोद्योग संघ निघाला, मगनवाडीत, त्यांनी याच रसाचा गूळ करायला शिकवलं. एकच झाड, एकच मडकं, फक्त उतरवणारा किती वाजता उठतो त्यावर तो देशसेवक की गिऱ्हाइकी करणारा. या रसाला दुकान नाही, भिंत नाही, झाडाखालीच प्यायची. परत अंगणच.

२९ मार्च

मावशीकडं आली, सिंदेवाहीच्या बाजूला. मोह पडायला लागला आहे. पहाटे साडेचारला बाया टोपले घेऊन निघतात, मी पण गेली. झाडाखालचा पाला आधीच जाळून जागा साफ केलेली, फुलं टपटप पडतात, फिकट पिवळी, मांसल, हाताला चिकट, आणि वास असा की पहिल्यांदा बरा वाटते मग डोकं धरते. सुकली की मनुक्यासारखी. उन्हाळाभर घराघरात पोत्यात राहतात, दारूसाठीच असं नाही, भाजून खातात, बैलाला पण देतात.

या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ला दारूबंदी आली, २०२१ ला उठली. बाजूच्या गडचिरोलीत १९९३ पासून आहे. मावशी म्हणते, "कायदा इकडून तिकडं जाते, मोह आपल्या जागीच पडते."

घरी गाळणं गुन्हाच आहे, तर मी कोणाला गाळून दाखवा म्हटलं नाही. शेजारच्या गोंड आजीनं रिकाम्या मडक्यांवर करून दाखवलं. फुलं पाण्यात भिजवून पाचसात दिवस सडवायची, सडवा बोलायला लागला, म्हणजे बुडबुडे यायला लागले, की मोठ्या मडक्यात चुलीवर, त्याच्या तोंडावर दुसरं, सांधा मातीनं लिंपायचा, बाजूनं नळी, नळीच्या टोकाला थंड पाण्यात ठेवलेलं भांडं. पाणी गरम झालं की बदलायचं, हे विसरलं तर सगळी वाफ उडून जाते. पहिली धार कडक, ती देवाची. आजीनं रिकाम्या नळीखाली डोना धरला, दोन बोटांनी जमिनीवर थेंब उडवल्यासारखं केलं, मग हसली. थेंब नव्हताच, तरी हात तसा गेला.

आधी भुईला, मग आपल्याला. हा हात मले माझ्या गाडीवानाला द्यायचा आहे का? तो गोंड नाही. पण लिंबाखाली उकिरड्याच्या बाजूनं बसलेला कोणी असू शकते, वखारीवर लाकडं घेऊन आलेला. सरकारी दारू, पिंपातली, खिडकीतून आलेली, आणि तो आधी दोन थेंब मातीला देतो, आणि कलाल खिडकीतून ओरडते की पैसे देऊन घेतलेली सांडतो काय.

६ एप्रिल

गाडगेबाबांचं आज परत वाचलं. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. आणि बाबांनी मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून गोडाचं जेवण घातलं, तर नातेवाईक रुसले. इतकी वर्षं मी ही गोष्ट कीर्तनातली म्हणून ऐकत होती, यावेळी वेगळं दिसलं, म्हणजे बारशाला दारू होतीच, तेराव्याला होती, पंगतीला होती. कलाली ही फक्त एक जागा. बाकी गावाचं प्रत्येक अंगण वेळ आली की पिण्याची जागा व्हायचं. पिकेटिंग करायला आलेल्या बायांपैकी एकीच्या घरात आठ दिवसांआधी बारसं झालेलं दाखवायचं. ती घोषणा देते पण खिडकीकडं पाहत नाही.

१४ एप्रिल

प्रकरण पूर्ण, एकवीस पानं. दुकानाच्या आतलं एक वाक्य नाही. खिडकी, बावीस पावलं, लिंब, पाराची बाजू आणि उकिरड्याची बाजू, गडू, डोना, दारोगा हात मागं बांधून, बाया ओळीनं. हार्मोनियमवाला म्हातारा काढला, त्याचं वाईट वाटलं.

रात्री मामाजींना वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होते, मले वाटलं झोपले. बायांचं आलं तेव्हा मान हलवली. वरून ओतण्याचं आलं तेव्हा काही बोलले नाहीत. संपल्यावर बराच वेळ गप, मग म्हणे, "बाकी ठीक हाय. पण त्यानं येऊन आधी दारू घेतली नं?"

म्हटलं हो.

"बैल?"

मी पानं चाळली. बैल जुवालाच होते. पहिल्या ओळीपासून एकविसाव्या पानापर्यंत, चार कोस चालून आलेले, उभेच.

"बैल सोडल्याबिगर, त्याईले पानी दाखोल्याबिगर आमचा बुढा गडूले हात लावत नव्हता. केवढाबी पेताड असो, कास्तकार हाय नं तो?"

उद्या पान दोन परत लिहायचं. हाळ कुठं होता ते गोडाऊनवाल्याला फोन करून विचारायचं, लिंबाच्या कोणत्या अंगाला.